राल्फ टीसडेलचं सॉरी

राल्फ टीसडेल माझ्या वर्गात शिकला. पुढे खाणीत लागला, खाण बंद पडल्यावर शाळेची बस चालवू लागला, केस पिकले, तरी रस्त्यात भेटला की मला अजून 'बाई' म्हणतो. म्हणजे आधी 'सॉरी' म्हणतो आणि मग 'बाई'.

हा शब्द आम्हा इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या सगळ्यांच्याच तोंडी असतो. पण राल्फने त्याचे जे हाल केले ते दुसऱ्या कुणी केले नसतील. दुकानात दुसऱ्याची ढकलगाडी याच्या घोट्यावर आदळली तरी सॉरी हाच म्हणणार. नीट ऐकू आलं नाही, सॉरी. पुढे जायला वाट हवी, सॉरी. चहा नको, सॉरी. चहा हवा, तरीही सॉरी. कुणाचं म्हणणं खोडून काढायचं असलं तर 'सॉरी, पण' एवढं म्हणून मनातलं सगळं बोलून घेणार. दिव्याच्या खांबाला धडकून खांबाला सॉरी म्हणताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या लग्नात पाद्रीबुवांनी "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" असं विचारलं, तेव्हा राल्फ म्हणाला, "सॉरी?" त्याला ऐकू आलं नव्हतं, एवढंच. मेव्हिस मात्र ते अजून विसरलेली नाही.

"बाई, शाळेत याला दुसरा एखादा शब्द शिकवायचा होता की हो!" असं ती मला दर रविवारी चर्चच्या दारात ऐकवते. जणू मी शिकवायचं बाकी ठेवलं होतं.

गावामागच्या उतारावर आमचे भाजीचे मळे आहेत, हातरुमालाएवढे. माझा फाटकाजवळ, आणि पलीकडे राल्फ आणि अर्नी हेस्लप यांचे लागून. दोघे खाणीत एका पाळीला होते, आणि खाण गेल्यापासून दोघांचा जीव लीकमध्ये, म्हणजे कांद्याच्या जातीच्या त्या लांबट भाजीत. सप्टेंबरात गावच्या क्लबात लीकचं प्रदर्शन भरतं. दंडाएवढा जाड, पांढराशुभ्र बुंधा आणि वर न फाटलेली हिरवी पानं, यासाठी ही माणसं वर्षभर बायकांशी बोलत नाहीत तितकं त्या रोपांशी बोलतात.

त्या वर्षी अर्नीचा माल सगळ्यांत सरस होता. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं. माळावरचं एक तट्टू आत शिरलं आणि अर्नीने चाळून चाळून मऊ केलेली माती बघून तिच्यात मनसोक्त लोळलं. सकाळी तिथे चिखल आणि हिरवा चोथा उरला होता. राल्फच्या मळ्यात तट्टाने पाऊलही टाकलं नव्हतं, हे तर आणखी वाईट. शेवटचा बाहेर कोण पडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

राल्फ टोपी काढून अर्नीसमोर उभा राहिला. "सॉरी, अर्नी. फार वाईट झालं."

अर्नीने त्याच्याकडे बघितलं. "माझी आई गेली तेव्हा तू हेच म्हणाला होतास, असाच टोपी काढून. तिला काही तू मारलं नव्हतंस."

"सॉरी?" राल्फ म्हणाला.

अर्नी फावडं टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मळ्यांच्या समितीला कळवलं की या हंगामानंतर तो मळा सोडतोय. समिती म्हणजे तरी कोण, सहा म्हातारे. पण त्यांचे चेहरे सुतकी झाले. इतक्या वर्षांची जोडी फाटकाच्या एका कडीपायी मोडत होती.

आणि राल्फ? तो रोज अर्नीच्या दारावरून जाताना सॉरी म्हणत होता. मेव्हिसने कपाळाला हात लावला. शेवटी मीच त्याला माझ्या मळ्यातल्या बाकावर बसवलं.

"राल्फ, पुरे कर आता."

"सॉरी, बाई."

"बघ! अरे, वर्गात काच फुटली की मी काय विचारायची?"

"कुणी फोडली."

"आणि तू काय म्हणायचास?"

"सॉरी."

"फोडली कुणी, हे कधी सांगितलंस?"

पन्नाशी उलटलेला तो बाप्या कानापर्यंत लाल झाला. टोपीची कड चिवडली आणि उठून गेला. मला वाटलं, गेले माझे शब्द वाया.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी क्लबात माल मांडतात. दरवर्षी नोंदणीच्या टेबलाशी अर्नीच असतो. त्या वर्षीही होता, स्वतःचं काही मांडायचं नसताना. राल्फ धुतलेले लीक ओल्या टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे हातावर घेऊन रांगेत आला.

"ठेव तिथे," अर्नी वर न बघता म्हणाला.

"सॉरी, अर्नी..."

"झालं सुरू!" रांगेतला कुणीतरी ओरडला. "अरे, उद्यापर्यंत नंबर लागू दे आमचा!"

राल्फने टॉवेल टेबलावर ठेवला. "फाटकाची कडी मी लावली नाही. मेव्हिसने हाक मारली म्हणून..."

"मला मध्ये ओढू नकोस!" मेव्हिस चहाच्या किटलीमागून कडाडली.

"नाही. हाक नव्हती मारली. कडी लावायला मी विसरलो. तुझे लीक माझ्यामुळे गेले."

अर्नीने टॉवेल उलगडला, एक एक बुंधा फिरवून पाहिला. मग बोट टेकवून म्हणाला, "हे बाहेरचं पान पिवळं पडलंय. काढ. परीक्षक गुण कापतील. आंधळा आहेस का?"

राल्फने पान काढलं. घाईघाईत शेजारचंही फाडलं. त्या वर्षी त्याला काहीच मिळालं नाही, आणि अर्नीने त्यावरून त्याला वसंतापर्यंत टोमणे मारले, शेजारच्याच मळ्यात चर खणता खणता.

फाटकाला अर्नीने स्वतः एक जबरदस्त स्प्रिंग बसवली. आता ते आपोआप मिटतं. राल्फच्या दोन्ही हातांत खताच्या बादल्या असतात, त्यामुळे रोज त्याच्या पाठीत धाडकन बसतं. तो मागे वळतो आणि फाटकाला सॉरी म्हणतो.

"बाई, ऐकलंत?" पलीकडून अर्नी ओरडतो. "नापास करा त्याला!"