बदली मागणारा इसम

ती घटना आठवली की आजही छाती फुगते, आणि थोडी लाजही वाटते.

गिरणी संप मोडून काही वर्षं झाली होती. परळच्या ठाण्यात माझी नुकतीच बदली झालेली. मी साताऱ्याकडचा, गिरणगावातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका सकाळी बंद गिरणीच्या वॉचमनने तक्रार आणली: एक वेडा रोज गेटवर येतो, हाकललं तर दगड मारतो. त्याला ताब्यात घेतलं. दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या.

नाव विचारलं, गाव विचारलं. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "साहेब, बदली?"

हवालदार खो खो हसले. "साहेब, यालापण बदली पायजे. गडचिरोलीला टाका!" मलाही वाटलं, लेकाचा थट्टा करतोय. तासभर दरडावलं. शेवटी 'अनोळखी वेडसर इसम' अशी नोंद करून मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचे कागद केले. तिथून थेट मनोरुग्णालय.

तेवढ्यात लालबागची एक खानावळवाली बाई तरातरा ठाण्यात आली. बातमी तिच्या कानावर गेली होती. "सायबानू, हो माणूस संपाआदी माझ्याकडेच जेवायचो. बदली कामगार. कायमचो माणूस नाय इलो, तर तेच्या जागेर एक दिवस काम गावता. तांच विचारता तो! थय येड्यांच्या इस्पितळात पाठवलास तर परत कोण आणतलो तेका?"

मी खजील झालो. माणूस काम मागत होता आणि मी गुन्हा शोधत होतो.

तिलाही कोर्टात घेऊन गेलो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला विचारलं, "नातं काय?"

"जेवणारो आसा माझो."

हमीपत्रावर तिचा अंगठा आणि त्याच्या गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीतल्या चौघांच्या सह्या झाल्या. तीन महिन्यांनी हजर करण्याच्या अटीवर तो तिच्या ताब्यात मिळाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तो थुंकून टाकायचा. बाईने नामी युक्ती काढली. रोज सकाळी हाक मारायची, "आज बदली लागली रे! गोळी घे नि पाळी धर." तो मुकाट्याने गिळायचा आणि तांदूळ निवडायला बसायचा. झोपायला ते चौघे त्याला खोलीवर न्यायचे. हसणारे हवालदारच आता येता-जाता 'गोळी झाली का' म्हणून चौकशी करायचे.

कागदावरची माझी पहिली नोंद तशीच राहिली होती, त्यामुळे तीन महिन्यांनी कोर्टात 'अनोळखी इसम' असाच पुकारा झाला. तो पुढे झाला आणि त्याने खणखणीत आवाजात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव सांगितलं. बाई ढसाढसा रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, तेही वर्दीत!

बक्षिसं पुढे पुष्कळ मिळाली, पण त्या दिवसाइतका अभिमान पुन्हा वाटला नाही. माणूस ताब्यात कसा घ्यायचा हे मला खात्याने शिकवलं. कुणाच्या ताब्यात द्यायचा, हे त्या बाईने.