रेटिनॉल, दिवसाआड

साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापिकेनं तोंडाला रेटिनॉल लावावं की नाही, याबद्दल देवासमध्ये कुणाचंच काही मत नव्हतं, कारण कुणाला ते ठाऊकच नव्हतं. एकटं राहण्याची ही एक सोय आहे.

गालांवर उन्हाचे डाग पडले म्हणून मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांच्या दवाखान्यात काचेच्या भिंतीवरून उगाचच पाणी वाहत होतं, आणि फोटोंतल्या बायकांच्या चेहऱ्यावर नाक सोडून दुसरा कुठलाही उंचवटा नव्हता. मी संशयानंच बसले. पण बाई सरळ बोलल्या. डाग पुसले जाणार नाहीत, फिके होतील. सुरकुत्या जरा मऊ पडतील. फरक दिसायला काही महिने जातील, आणि सुरुवातीला कातडी कोरडी पडून सोलेलसुद्धा. "घाई केलीत तर लाल तोंड घेऊन माझ्याकडेच याल," त्या हिंदीत म्हणाल्या. कुणीतरी इतकं थोडं आश्वासन देत होतं, हे बघूनच माझा विश्वास बसला.

मेडिकलवाल्यानं ट्यूब पिशवीत घालताना विचारलं, "बिटिया के लिए है, मैडम?"

मी "हाँ" म्हटलं. मला मुलगी नाही. पण धारला भावाची मुलगी आहे, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या ट्यूबनं माझ्या संध्याकाळींना एक वळण दिलं. जेवण लवकर उरकायचं, साध्या साबणरहित फेसवॉशनं तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं आणि मग चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबायचं. ओलसर कातडीवर रेटिनॉल जास्त आत जातं आणि जास्त चावतं. मग आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, त्यावर बटल्याच्या दाण्याएवढं रेटिनॉल (मराठी पुस्तकांतला वाटाणा आमच्या माळव्यात बटला होतो), तेही डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडून, आणि वरून पुन्हा मॉइश्चरायझर. सकाळी घराबाहेर पडो न पडो, सनस्क्रीन. हे सगळं एक रात्र सोडून एक रात्र. मी देवपूजा करत नाही, पण माणसं ती का करतात ते या निमित्तानं थोडं कळलं.

चेहरा कोरडा होण्याची ती जी मधली वेळ, त्यात मी भाचीला फोन करायची.

या फोनचं महत्त्व सांगायला हवं. देवासला माझं मराठी बोलण्याचं माणूस उरलेलं नव्हतं. आयुष्यभर मी इतिहास हिंदीत शिकवला, भाजी हिंदीत घेतली, शेजाऱ्यांशी हिंदीत आणि कामवालीशी माळवीत बोलले. भाऊ धारला असतो, पण तो फोनवर "हां, बोल" याच्यापुढे जात नाही. आमच्या समाजाच्या मंडळात वर्षातून एकदा मराठीचा सोहळा होतो. त्यात फेटे असतात, तुतारी असते, आणि गेल्या वेळी अध्यक्षांनी मराठी टिकवलीच पाहिजे असं जवळजवळ तासभर हिंदीतून बजावलं. तेव्हा मराठी म्हणून मला उरली होती ती एवढीच: भाचीबरोबरची अर्ध्या घटकेची. मी काहीबाही सांगायची, वाचलेलं, आठवलेलं, कॉलेजातल्या जुन्या खोड्या. ती "हो आत्या", "खरंच का आत्या" म्हणायची आणि योग्य जागी हसायची. हा फोन बंद पडला तर माझी भाषा घरातल्या घरात मरेल, याची मला खरोखर भीती वाटायची.

भाची नालछ्याच्या एका खासगी शाळेत शिकवते. धारहून स्कूटीनं जाते-येते. एकदा तिनं विचारलं, "आत्या, तुम्ही तोंडावर काय लावता? मागच्या वेळी आल्या तर स्किन किती ग्लो मारत होती." तिला कपाळावर मुरुमांचे डाग होते. मी आधी विचारलं, लग्नाबिग्नाचा, बाळाबिळाचा विचार नाही ना, कारण दिवस राहिलेले असताना किंवा राहायचे असताना हे लावत नाहीत. ती म्हणाली, "आत्या! आधी मुलगा तर मिळू द्या." मग मी तिला सगळं नीट सांगितलं. सगळ्यांत कमी टक्क्याचं घे, थोडंच घे, सुरुवातीला दिवसाआड लाव, त्याच्यावर लिंबू, स्क्रब, व्हिटॅमिन सी असला कसलाही प्रयोग करू नकोस.

"हो आत्या," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. वहिनी मला अजून जुन्या रीतीनं "वन्सं" म्हणतात. रागावल्या की त्या अनुस्वारावर जास्त जोर येतो.

"वन्सं, पोरीला काय लावायला सांगितलंत? तोंड बघवत नाही तिचं. मी हळद-बेसन लावलं, वर लिंबू पिळलं, तर आणखीच भडकलं. शाळेत पोरं विचारतात, मिस जल गई क्या? शेवटी तिला इथल्या स्किनवाल्याकडे नेलं."

"लिंबू कशाला पिळलंत?"

"मग काय, तुमचं इंग्रजी मलम लावू? आता फोनवर तिला काही शिकवू नका, एवढी कृपा करा."

त्या दिवसापासून भाचीचा फोन बंद येऊ लागला. मी कोरड्या चेहऱ्यानं बसून राहायची आणि मग क्रीम लावायची. आठवडाभर ते केलं. मग सकाळची बस धरली आणि इंदूरला बदलून धारला गेले.

भाचीनंच दार उघडलं. गाल आणि हनुवटी विटेच्या रंगाची, नाकाच्या कडेला पापुद्रे. मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याहून मी चक्रावले. दिवसाआड, बटल्याएवढं लावून असं व्हायला नको होतं.

"किती लावत होतीस?"

"बटल्याएवढंच, तुम्ही सांगितलं तसं."

"रात्री?"

"रात्री कशाला? सकाळी. शाळेत जायच्या आधी."

"सकाळी! अगं, मी दिवसाआड म्हटलं होतं."

"तेच तर!" ती चिडून म्हणाली. "दिवसा. आड में. मी बरोबर लावलं आणि वर दुपट्टा एकदम टाइट बांधला, ऊन लागू नये म्हणून. पूर्ण आड केली तोंडाला. रोज."

वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि आम्हा दोघींकडे बघत उभ्या राहिल्या. मी एकेक गोष्ट लावून बघत होते. रोज, एक दिवसही न सोडता. सकाळच्या उन्हात, धार ते नालछा आणि परत. सनस्क्रीन नाही, कारण दुपट्टा आहे. आणि तो दुपट्टा वाटभर त्याच नाजूक झालेल्या कातडीवर घासतोय, घामासकट. वर घरी लिंबू. तिनं माझ्या प्रत्येक शब्दाचं पालन केलं होतं, फक्त ते शब्द माझे नव्हते.

"दिवसाआड म्हणजे एक दिन छोड़के," मी म्हटलं.

ती खो खो हसली, सोललेलं तोंड दुखलं म्हणून हसता हसता "आई गं" करत. वहिनीसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "वन्सं, मग सरळ हिंदीत सांगायचं ना! हिची शाळा हिंदीतली. हिला मराठीतली शिक्षा आणि हिंदीतली शिक्षा यातला फरकसुद्धा मी आताआता शिकवला."

मीही हसले. मग भाचीला विचारलं, विचारायला नको होतं तरी: "मी फोनवर बोलते ते तुला कळतं ना?"

ती जरा ओशाळली. "कळतं ना. मतलब, अर्धं कळतं. तुम्ही लांब लांब वाक्य बोलता, तर मध्ये मी हो बोलून देते. पण ऐकायला छान वाटतं, आत्या. खरंच. रेडिओसारखं."

तिला ते कौतुक म्हणूनच म्हणायचं होतं. मी ते तसंच घेतलं आणि चहा प्यायले.

तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं. कातडी शांत होईपर्यंत रेटिनॉल बंद, हळद-लिंबू बंद, फक्त साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. दुपट्टा सुती आणि सैल. मी त्यात एवढीच भर घातली की पुन्हा सुरू करशील ते त्यांना विचारून, आणि आठवड्यातून दोनदाच, रात को. हे सगळं मी हिंदीत सांगितलं. भाचीनं मध्ये तीनदा अडवून शंका विचारल्या. एवढ्या वर्षांत तिनं मला कधीच अडवलं नव्हतं. वहिनींनी जाताना डब्यात लाडू दिले आणि "फोन करत जा, वन्सं" म्हटलं, तेव्हा बंदी उठल्याचं समजलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मागचा मित्र "भिया, सरक ना थोड़ा" म्हणत होता (भैयाचा आमच्याकडे भिया होतो), आणि मी मनात हिशेब करत होते की भाचीचं ते योग्य जागी येणारं हसू कुठल्या खुणेवर येत असेल. बहुधा माझ्या आवाजावर. विनोद संपताना मी आवाज जरा खाली आणते, वर्गातली सवय. मुलं पूर्वीही तेवढ्यावरच हसायची.

तिचा चेहरा उन्हाळा लागायच्या आत निवळला. आता ती स्वतःहून फोन करते, आणि आम्ही हिंदीत बोलतो. मीच तसं सुरू केलं. दुसऱ्यांदा तोच प्रयोग तिच्यावर करण्याची माझी हिंमत नव्हती. आणि सांगायला हरकत नाही, फोन पूर्वीपेक्षा लांबले. तिच्या मुख्याध्यापिकेची ऐट, स्टाफरूममधली भांडणं, कुणा एका सरांचं रोज तिच्या स्कूटीशेजारीच गाडी लावणं, हे सगळं तिच्याजवळ इतकी वर्षं होतंच. माझ्या मराठीत त्याला शिरायला जागा नव्हती. ती बोलते, मी ऐकते. ती वाद घालते, माझी चेष्टा करते. खऱ्या अर्थानं आम्ही पहिल्यांदाच बोलतोय.

परवा ती मध्येच थांबून म्हणाली, "आत्या, एक बात बोलूँ? हिंदी में तुम एकदम अलग लगती हो."

"अलग मतलब?"

"मतलब... मैडम जैसी."

मी म्हटलं, "मैडम ही तो थी, बेटा, पूरी उमर."

ती हसली. या वेळी मला ठाऊक होतं की तिला सगळं कळलंय. मग तिनं सरांच्या गाडीचं पुढे सांगायला घेतलं आणि मी "अच्छा", "फिर?" म्हणत राहिले, योग्य जागी.