जुन्या गाडीला बाटली पाजताना

कर्जतला आमचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेजारी सदू मेस्त्रीचं गॅरेज. मधली भिंत अर्धवटच आहे, त्यामुळे तिकडचं बोलणं इकडे ऐकू येतं. सासरे थकल्यापासून गल्ल्यावर मी बसते, आणि सगळे मला वहिनी म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा.

आमच्या दुकानात हौसेनं कोणी येत नाही. गाडी कुठंतरी दगा देते, माणूस घाबरतो, मग आमच्याकडे येतो. घाबरलेला माणूस वस्तू मागायच्या आधी काय झालं ते सांगतो, अगदी घरून निघाल्यापासून. असे किस्से ऐकून ऐकून साठले. त्यात सगळ्यात जास्त बाटलीचे.

बाटली म्हणजे इंजिन क्लीनर. पेट्रोल भरताना टाकीत ओतायची. आतला कार्बन निघून जातो आणि जुनी गाडी नव्यासारखी पळते, असं तिच्यावर छापलेलं असतं. लोक विचारतात, "वहिनी, खरंच फरक पडतो का हो?" मीच विकते, तेव्हा माझ्या 'हो'ला काय अर्थ? म्हणून मी त्यांना किस्सेच सांगते.

*

रिटायर झालेले नेने काका. त्यांची मुलगी पुण्याला. काकांची जुनी गाडी घाटात झटके मारायची. "मागून कंटेनर हॉर्न देतो आणि आपली गाडी उचक्या देते," ते म्हणाले. धास्तीनं त्यांनी मुलीकडे जाणंच सोडलं होतं.

त्यांनी बाटली नेली. काही दिवसांनी पेढे घेऊन आले. जाऊन आले होते पुण्याला. "घाट अशी चढली म्हणून सांगू. एक झटका नाही. जादू आहे तुमच्या बाटलीत!"

जाता जाता म्हणाले, काचेवर पाणी मारलं की तेलकट ओघळ येतात, तेवढं बघा. सदूनं बॉनेट उघडलं, काच धुवायच्या पाण्याच्या टाकीला नाक लावलं आणि माझ्याकडे बघितलं. काकांनी सगळी बाटली त्या टाकीत ओतली होती. पेट्रोलपर्यंत थेंबही पोचला नव्हता.

काका बाहेर चहा पीत होते. सदूनं गुपचूप टाकी काढली, धुतली, साधं पाणी भरलं.

"त्यांना सांगायचं नाय का रं?" मी हळूच विचारलं.

"नको वहिनी. सांगितलं तर परत झटके मारील."

*

आता माझा स्वतःचा किस्सा, म्हणजे बाटलीनं कधी काहीच होत नाही असंही कोणाला वाटायला नको.

सासऱ्यांची गाडी मी चालवायला लागले तेव्हा ती उभी राहिली की थरथरायची आणि कधीकधी बंद पडायची. माहेरच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागतं. एकदा पुढचा टेंपो रुळांपलीकडे थांबला, म्हणून मलाही थांबावं लागलं. बरोबर रुळांवर. गाडी थरथरली आणि गप्प झाली.

फाटक उघडं होतं. फाटक उघडं असताना आगगाडी सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरीही मी चावी फिरवत होते आणि रूळ जिथं वळतो तिथं बघत होते. शेजारी आई बसली होती. तिनं दरवाजा उघडून धरला होता.

फाटकवाला आणि मागचे दोघं-तिघं धावत आले आणि त्यांनी ढकलून गाडी पलीकडे नेली. तिथं ती मुकाट चालू झाली.

सदूनं बाटली टाकीत ओतली आणि सांगितलं, "आता हिला बाजारात फिरवू नका. लांब न्या. जरा पळू दे." आम्ही जुन्या हायवेनं खोपोलीच्या पुढपर्यंत गेलो आणि आलो. ती टाकी संपेपर्यंत थरथर हळूहळू कमी झाली, पुढची टाकी भरली तेव्हा थांबली. खरंच थांबली. सदू म्हणाला, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला मळ होता, नेमका तेवढाच आजार होता, म्हणून तेवढं औषध पुरलं.

गाडी आजही छान चालते. फक्त आई आता फाटकाच्या अलीकडे उतरते. रूळ चालत ओलांडते आणि पलीकडे जाऊन गाडीत बसते.

*

कशेळ्याच्या बाजारातून डोंगरातल्या वाड्यांवर शेअर जीप जातात. त्यातली एक नामदेवची. जीप म्हातारी, डिझेलची, चढाला दम लागायचा. सदूनं त्याला डिझेलची बाटली दिली आणि टाकीत एकच घाल म्हणाला. नामदेवनं दोन घातल्या. जास्त औषधानं माणसाला जास्त गुण येतो तर गाडीला का नाही, हा त्याचा हिशेब.

पुढचं मला बुधीबाईनं सांगितलं. बुधीबाई वाडीवरची ठाकरीण, बाजाराला भाजी आणि कंद घेऊन उतरते. जीप बायकांनी भरलेली. मोठ्या चढावर मधोमध इंजिन बंद पडलं. इंजिन गेलं तसा ब्रेक कडक झाला, दाबला जाईना. नामदेव दोन्ही पायांनी ब्रेकवर उभाच राहिला, हँडब्रेक ओढला, तरी जीप हळूहळू मागं सरायला लागली. मागं वळण, आणि वळणाच्या कडेला दरी.

"कोनी वरडलं नाय," बुधीबाई म्हणाली. "सगळ्या गप झाल्या. त्याचीच भीती जास्त वाटली."

तिनं मागच्या फळीवरून उडी मारली, कडेचा धोंडा उचलला आणि चाकामागं सारला. पहिला धोंडा चाकानं बाजूला ढकलला. दुसऱ्यावर जीप थांबली.

टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ होता. दोन बाटल्यांनी तो सगळा एकदम सुटला आणि फिल्टरमध्ये जाऊन बसला. सदूला हे कळलं तेव्हा तो हातातलं काम टाकून स्टुलावर बसला. "टाकी धुवून फिल्टर बदलायला पायजे होता आधी," तो म्हणाला. "मीच म्हनलं, नंतर बघू." त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही.

पुढच्या बाजाराला बुधीबाई परत नामदेवच्याच जीपमध्ये चढली. दुसरी जीप त्या वाटेला जात नाही. चढताना तिनं विचारलं, "आज काय पाजलंस का रं तिला?"

नामदेव नाही म्हणाला. तरी तिच्या पाटीत तळाला एक धोंडा होता.

*

खालापूरकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या सावंत बाई आणि त्यांचे मिस्टर, राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. मिस्टरांनी बाटली घातली. दुसऱ्या दिवसापासून बाईंना गाडीत वास यायला लागला.

"औषधाचा आहे," मिस्टर म्हणाले. "आतून साफ होतंय म्हणजे वास येणारच."

बाई दोन दिवस काच खाली करून शाळेत गेल्या. तिसऱ्या सकाळी मिस्टर नेहमीसारखे गाडीत बसले, डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार केला आणि उदबत्तीसाठी काडी पेटवायला घेतली. बाईंनी त्यांचा हात धरला. पुढे मला त्या म्हणाल्या, "का धरला ते मला सांगता येत नाही. मी आयुष्यात कधी त्यांच्या पूजेत मध्ये पडले नव्हते."

गाडी ढकलत सदूकडे आणली. पेट्रोलचा रबरी पाइप चिरला होता आणि थेंब थेंब गळत होता.

"बाटलीनं झालं का?" मिस्टरांनी विचारलं.

"पाइप म्हातारा झालता, सायेब. बाटलीनं फाटला का वयानं, मला नाय सांगता येनार."

आता त्या गणपतीपुढे सेलवरचा दिवा आहे. मिस्टर नमस्कार करतात, आणि त्यांचं होईपर्यंत बाई गाडीबाहेर उभ्या राहतात.

*

आणि हा किसनचा.

किसन शाळेची व्हॅन चालवतो. व्हॅन जुनी. एका पावसाळ्यात ती कुठंही बंद पडायला लागली. त्यानं बाटली घातली, फरक नाही. दुसरी घातली, तरी नाही. मुलांच्या घरचे कुरकुर करायला लागले.

त्या दुपारी शाळा लवकर सोडली होती. वर डोंगरात काळं झालं होतं, खाली नुसती भुरभुर. वाटेत ओढ्यावर एक बुटका पूल आहे, कठडे नसलेला. पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. व्हॅन पुलाच्या तोंडाशी आली आणि बंद पडली. किसननं चावी फिरवली. इंजिन फिरायचं, पेट घ्यायचं नाही. मागं मुलं हसत होती. एक मुलगी म्हणाली, "काका, आम्ही ढकलू का?" किसन म्हणाला, ढकला. पूल सपाट आहे, ढकलत नेली की चालू होईल. मुलं उतरायला लागली.

तेवढ्यात वरून आवाज आला. किसन म्हणतो, मालगाडीसारखा, पण तिथं रूळ नाहीत. पाण्याचा लोंढा झाडंझुडपं घेऊन आला आणि पूल दिसेनासा झाला. पाणी व्हॅनच्या पुढच्या चाकांना लागलं. किसननं मुलांना ओढत मागच्या चढावर नेलं आणि पुन्हा पुन्हा मोजलं. सगळी होती.

पाणी उतरल्यावर त्यानं चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू.

सदूनं ती व्हॅन सगळी उघडली. पंप, फिल्टर, कॉइल, वायर, सगळं बघितलं. "काय सापडंना, वहिनी," तो म्हणाला. "काईच नाय."

त्यानंतर व्हॅन एकदाही बंद पडलेली नाही. तरी परवा किसन दुकानात आला आणि बाटल्यांच्या फळीसमोर उभा राहिला.

"बाटली देऊ का?" मी विचारलं. "आता तर बरी चालते ना?"

"चालती. चढाला, पावसात, कुठं बी," किसन म्हणाला. "आता ती थांबतच नाय, वहिनी. पूल आला ना, की मला घाम फुटतो."