हजार मैलांना पाव लिटर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. आतोबांच्या वहीतल्या शेवटच्या आठ ओळी खोट्या आहेत आणि त्या माझ्या अक्षरात आहेत. वही इंजिन ऑइलची आहे, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. मीही बरीच वर्षं हसलो. आतोबा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान, मुक्काम कॉव्हेंट्री. निवृत्तीनंतर कुणी बाग करतं, कुणी नातवंडं खेळवतं, कुणी नुसतंच सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर छळतं. पण स्वतःच्या मोटारीच्या पोटात किती तेल आहे या एकाच प्रश्नाला उरलेलं आयुष्य वाहून टाकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. पडली तर दोघांच्या बायका उपाशी राहतील.

गाडी अठरा वर्षांची, रंग ओल्या राखेचा. दर रविवारी सकाळी, रात्रभर उभी राहून तेल पूर्ण खाली उतरलं की आतोबा बाहेर यायचे. पायजमा, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला कानटोपी आणि खिशात गवंड्याकडे असते तसली पाणपातळी. आधी गाडी सपाट उभी आहे की नाही हे चारही बाजूंनी तपासायचं. मग बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, परत आत घालायची, परत काढायची आणि ती उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, घरात कुणाला टायफॉइड झाल्यासारखं तोंड करून वाचायची. पुसायला कापड जुन्या सुती पंचाचंच लागे. इंग्लंडातल्या फडक्यांना धागे सुटतात म्हणून त्यांना प्रवेश नव्हता, आणि म्हणून पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आत्यांसाठी गोडा मसाला आणि आतोबांसाठी वापरलेले पंचे असत. पंचे वापरलेलेच हवेत, नवे चालत नसत. एकदा माझ्या वडिलांनी कोरे पंचे पाठवले, तर आतोबांनी ते महिनाभर अंघोळीला वापरून मऊ केले आणि मगच गाडीच्या सेवेला लावले. वाचून झालं की वहीत नोंद: तारीख, मैल, पातळी, किती ओतलं. अशा वह्या सात झाल्या होत्या. आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात इंजिनाचे भाग मोजून पास-नापास करणारा माणूस तो. कारखाना बंद पडला, हात बंद पडले नाहीत.

यातून त्यांनी काढलेला शोध असा, की गाडी हजार मैलांना पाव लिटर तेल खाते आणि ते नॉर्मल आहे. बस, एवढंच. पण हे एवढंसं सत्य ते ज्या आवेशानं सांगत, त्यावरून वाटावं की कुणी त्यांना त्यासाठी जाळायला निघालंय. नातेवाइकांत एक पक्ष होता, की तेल खाते म्हणजे इंजिन गेलं, विकून टाका. आतोबा त्या पक्षाशी बोलतच नसत, त्याला शिकवत. चहाचा कप पालथा घालून सिलिंडर दाखवत, त्यात बिस्किट वरखाली करून पिस्टन. "भिंतीला तेल लागणारच, लागलेलं थोडं जळणारच. जुन्या गाडीत थोडं जास्त जळतं, इतकंच. तुमचे गुडघे वाजतात ना? मग तुम्हाला विकलं का कुणी?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "जुनी गाडी तेल खात नाही असं जो म्हणतो ना जावईबापू, त्याची गाडी चांगली नसते. त्यानं पट्टी काढून बघितलेली नसते." त्यांचा पंजाबी मेकॅनिकही हेच म्हणायचा, "अंकल, अठारह साल की है, थोड़ा तो पिएगी," पण तो आठ शब्दांत म्हणायचा आणि कामाला लागायचा. आतोबांना पाऊण तास लागे.

मंडळाच्या गणपतीत लोक आरतीनंतर एकमेकांची शुगर विचारत, आतोबा विचारत, "तुमची हजाराला किती?" एका वर्षी त्यांनी नुकत्याच आलेल्या एका आयटीवाल्या पोराला मोदकांच्या रांगेत गाठलं. तो म्हणाला, "काका, माझी इलेक्ट्रिक आहे. तिच्यात ऑइलच नसतं." आतोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याच्या घरी कुणी गेलंय की काय असं मागच्या बाईला वाटलं. "मग रविवारी सकाळी करतोस काय?" त्यांनी अतिशय हळुवारपणे विचारलं.

माझ्या आईला हीथ्रोला सोडायला तेच आले होते, हट्टानं. वाटेत मोटरवेवरच्या थांब्याला, म्हणजे सर्व्हिसेसला, थांबून त्यांना पातळी बघायची हुक्की आली. इंजिन गरम असताना पातळी बघायची नसते म्हणून आम्ही दहा मिनिटं थांबलो. मग जागा उतारावर आहे असं निघालं म्हणून गाडी हलवली. मग हलवल्यामुळे पुन्हा दहा मिनिटं. "विमानाला उशीर होईल हो," आई मागून म्हणाली. "विहीणबाई, विमानाचं तेलही कुणीतरी बघत असेलच की," आतोबा म्हणाले, "तोवर ते सुटत नाही." शेवटी आईची व्हीलचेअर ढकलणारा माणूस गेटपर्यंत अक्षरशः धावला आणि आई दोन्ही हातांनी पर्स आणि मनातल्या मनात देव धरून गेली. या सगळ्यात तेल एक केसभरही कमी झालेलं नव्हतं.

तर असा हा माणूस आम्हाला, म्हणजे सगळ्या कुटुंबाला, रस्त्यावर नको होता. वय सत्त्याहत्तर. एकदा रिव्हर्स घेताना शेजाऱ्याच्या बुटक्या भिंतीला गाडी घासली होती, तेवढं पुरे होतं. त्यांची मुलगी रेवा इथेच, इंग्लंडात जन्मलेली, लंडनजवळ स्टॅनमोरला राहते. ती तीन वर्षं मागे लागली होती. "बाबा, तुझी ड्रायव्हिंग आता बंद कर ना, प्लीज." आतोबा म्हणत, "पुरावा दाखव." तिच्याकडे पुरावा नव्हता. तो मी दिला.

गेल्या हिवाळ्यात आतोबा आणि आत्या दोन महिने पुण्याला गेले. जाताना गाडी नॉटिंगहॅमला आमच्याकडे ठेवली. उभी राहून बॅटरी मरू नये म्हणून तिला पळवायची, मनसोक्त वापरायची, अट एकच: दर रविवारी पातळी बघून वहीत लिहायची. डिकीत तेलाची बाटली, बाटलीवर पेनानं रेघ मारलेली. मी म्हटलं, "आतोबा, काळजीच करू नका. लोकांनी चेकलिस्ट नीट भरल्यात की नाही हे बघायचाच मी पगार घेतो." हे खरं आहे. ऑफिसात मी कम्प्लायन्सला आहे. न तपासता टिक मारणाऱ्यांना मी मेमो पाठवतो. आतोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "म्हणून तर तुमच्याकडे ठेवतोय."

पण आमचा ड्राइव्हवे उतारावर. सपाट जागा म्हणजे सुपरमार्केटच्या पार्किंगचा मागचा कोपरा. ती आतोबांनीच पाणपातळी लावून हुडकून दिली होती. म्हणजे गाडी शनिवारी संध्याकाळी तिथे नेऊन ठेवायची आणि रविवारी थंडीत चालत जाऊन बघायची. पहिल्या रविवारी पाऊस होता. दुसऱ्या रविवारी पाऊस नव्हता, पण पहिला हुकलाच होता. तिसऱ्यापासून मी कारणं शोधणंही सोडलं. गाडी मात्र वापरली. माझी गाडी दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे रोज ऑफिसला हीच. दोन महिन्यांत अठराशे मैल.

ते परत यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा पट्टी काढली. तेल निम्म्यावर आलेलं. अठराशे मैलांना जेवढं जायला हवं, जवळपास तेवढंच गेलेलं. तेव्हा इतकंच लिहिलं असतं, की आतोबा, चुकलं, शेवटीच बघितलं, तर त्यांनी मला पाऊण तास शिकवलं असतं आणि विषय संपला असता. पण मला तो पाऊण तास नको होता. डिकीतल्या बाटलीवर रेघ होती, म्हणून पेट्रोल पंपावरून तेच तेल विकत आणलं आणि पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरलं. मग स्वयंपाकघरात बसून, दोन वेगळी पेनं घेऊन, आठ रविवारांपुढे लिहिलं: पूर्ण. पूर्ण. पूर्ण. ओतले: शून्य. खोटं लिहिणाऱ्याला आकडे बेतावे लागतात, तेवढेही कष्ट मी घेतले नाहीत. ऑफिसात असली चेकलिस्ट माझ्यासमोर आली असती तर वाचणं पूर्ण व्हायच्या आत मी ती पकडली असती.

आतोबा गाडी न्यायला आले. चहा होण्याआधीच वही उघडली. मी त्यांच्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत बसलो. पट्टी काढून बघितलेली नसते, हे वाक्य. ते आलंच नाही. त्यांनी पान दोनदा वाचलं, बाहेर जाऊन बाटलीवरची रेघ बघून आले, आणि माझ्यासमोर बसून विचारलं, "जावईबापू, आठही रविवारी तुम्ही स्वतः बघितलंत?"

"हो," मी म्हणालो.

"सपाटावर?"

"हो हो. तिथेच."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या शब्दावर एक नट पास केला नव्हता. माझ्या शब्दावर केला.

त्यानंतर महिनाभर त्यांनी कॉव्हेंट्रीत स्वतः गाडी चालवली आणि मोजलं. हजाराला पाव लिटरच्या हिशेबानं तेल जात होतं. मग एका शनिवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, आणि कढी वाढायच्या आधी, कारखान्यात रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं, "गाडी तीच, तेल तेच, थंडीही तीच. बदलला तो ड्रायव्हर. यांच्या हातात खात नाही, माझ्या हातात खाते. म्हणजे मी रेस जास्त देतोय, क्लच घोळवतोय, आणि मला ते कळत नाहीये. जे मला कळत नाही ते रस्त्यावर आणखी काय काय असेल? मी थांबतो." आत्या म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा तेलावरून?" ते म्हणाले, "तेलावरून नाही गं. मापावरून." आणि त्यांनी किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. "ही तुम्ही ठेवा. तुमच्याकडे ती खूश आहे."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "अहो, असं कसं, आतोबा," आणि किल्ली खिशात घातली.

नंतर माझं कौतुक झालं, हे आणखी वाईट. रेवानं फोन केला. "भावोजी, तू काय केला रे? तीन वर्ष मी बोलत होती, तुझा एक वही आणि बाबा क्लोज! यू आर अ लेजंड." बायकोनंही पहिल्यांदाच चारचौघांत म्हटलं, की बघा, हा शिस्तीचा आहे. मी सद्गृहस्थासारखा खाली बघून हसलो. आतोबांची गाडी सोडायची वेळ खरोखरच झाली असेल, कुणी सांगावं. पण ते खऱ्या आकड्यांवरून ठरवणारा माणूस हयात होता, शुद्धीत होता, आणि त्याला खोटे आकडे मी पुरवले.

गाडी आता आमच्या ड्राइव्हवेवर असते. मी तिला सुपरमार्केटच्या कोपऱ्यात नेतो, दर शनिवारी, आणि रविवारी सकाळी जाऊन पट्टी बघतो. सहा महिने झाले, एकही रविवार चुकलेला नाही. ती हजार मैलांना पाव लिटर तेल खाते. रविवारी साडेनऊला आतोबांचा फोन येतो. "किती?" मी म्हणतो, "पूर्ण." ते म्हणतात, "छान चालवता हो तुम्ही," आणि त्यात खोच नसते. परवा फोन आत्यांनी उचलला. गुडघ्यांमुळे त्यांना दोन बस बदलणं झेपत नाही, त्यामुळे गुरुवारचं भजन बंदच झालंय. पूर्वी आतोबा त्यांना आणि आणखी दोघी म्हाताऱ्यांना घेऊन जायचे, ताशी वीस मैलांनी, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. मी विचारलं, आतोबा काय करतायत? "बसलेत खिडकीत," त्या म्हणाल्या. "समोरच्यांची नवी गाडी कलती उभी आहे म्हणतात. मी म्हटलं, जाऊन सांगा. तर म्हणे, आपण कोण सांगणार?"

आपण कोण सांगणार, असं आतोबा म्हणाले. ज्यांनी तेलाच्या पट्टीपायी माझ्या आईचं विमान चुकवत आणलं होतं, ते.

मी आतोबांना एक वाक्य देणं लागतो: त्या आठ रविवारी मी काहीही बघितलं नव्हतं, आणि गाडी तुमच्या हातात जेवढं तेल खात होती तेवढंच माझ्याही हातात खाते. ते मी अजून दिलेलं नाही.