दार्सोभाऊंना तिसऱ्यांदा विचारा

कॉव्हेंट्रीतल्या त्या घरातले आम्ही लोक अजूनही कुठे जमलो, की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "दार्सोभाऊंचा तो किस्सा सांग रे!" तो म्हणजे कुठला, ते कुणी सांगत नाही. भाऊ आमच्यात राहिले जेमतेम वर्षभर, पण किस्से एवढे साठलेत की डब्यात हात घालावा आणि येईल तो काढावा. सांगायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं.

घर निर्मलामावशींचं. मावशी मूळच्या साताऱ्याच्या, पण तीस वर्षं कॉव्हेंट्रीत. त्यांची मुलगी तन्वी इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. वरच्या दोन खोल्यांत आम्ही पेइंग गेस्ट. एकीत मी, नागपूरहून वर्क परमिटवर आलेला सॉफ्टवेअरवाला. दुसरीत वर्षभराच्या कोर्सला इंडोनेशियाहून आलेले पाक दार्सोनो. हे 'पाक' म्हणजे आपलं 'राव'. मावशींनी आठवड्याभरात त्यांचं दार्सोभाऊ करून टाकलं!

भाऊ जावा बेटावरच्या एका जिल्ह्यातले पुढारी. आधी शाळामास्तर, मग जिल्ह्याच्या सभागृहात सदस्य, मग तिथलेच उपसभापती. पुढची पायरी बुपातीची. बुपाती म्हणजे आपला कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एकाच खुर्चीत. त्या सुमारास तिकडे बुपाती पहिल्यांदाच थेट लोकांच्या मतांनी निवडला जाणार होता. भाऊंकडे एक वही होती. तीत डोंगरावरच्या सात वाड्यांना पाणी कसं न्यायचं, त्याचे नकाशे. रविवारी जेवण झालं की वही उघडायचे आणि म्हणायचे, "जो कुणी बुपाती होईल, त्याने आधी हे करावं." तो 'जो कुणी' कोण, हे घरातल्या मांजरालासुद्धा कळत होतं.

*

शेजारच्या मिस्टर हॅरिसनी एकदा भाऊंना चहाला बोलावलं. बिस्किटांचा डबा पुढे केला. भाऊ म्हणाले, "नो, थँक यू." मिस्टर हॅरिसनी झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला!

भाऊ उपाशी घरी आले. चेहऱ्यावर अपमान नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "ते पुन्हा विचारतील म्हणून मी वाट बघत होतो," म्हणाले.

त्याच दिवशी मावशींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. भाऊ म्हणाले, "नको." मावशींनी एक वाढली. "नको, नको." दुसरी वाढली. तिसऱ्या आग्रहाला भाऊंनी मान खाली घालून ताट पुढे केलं आणि एकूण सहा खाल्ल्या. मग समजावून सांगितलं, की त्यांच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट. दुसऱ्याला हो म्हणणारा उतावळा. तिसऱ्यांदा विचारलं, की समोरच्याला खरंच हवंय असं धरायचं.

"एवढंच ना?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे पाचदा विचारतात. आणि पाचव्यांदा विचारत नाहीत, वाढतातच!"

*

भाऊंच्या जिल्ह्यात कुणाच्याही मयताला पुढारी गेलाच पाहिजे. ही सवय त्यांनी सामानाबरोबर इथेही आणली होती. एकदा बसस्टॉपवर उभे असताना समोरच्या चर्चपाशी काळ्या गाड्या थांबलेल्या दिसल्या. भाऊंनी बस सोडली, रस्ता ओलांडला आणि रांगेत उभं राहून सगळ्या नातेवाइकांचे हात हातात घेतले. त्यांना वाटलं, हा गेलेल्या म्हाताऱ्याच्या कारखान्यातला जुना सहकारी असणार. ते भाऊंना पबमध्ये घेऊन गेले, ऑरेंज स्क्वॉश पाजलं आणि दोन शब्द बोलायलाही लावलं!

"काय बोललात?" मी विचारलं.

"म्हटलं, असा माणूस पुन्हा होणे नाही."

ख्रिसमसला त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं कार्ड आलं. भाऊंनी ते खिडकीत ठेवलं, फेब्रुवारीपर्यंत.

*

इथे नगरसेवक शनिवारी सकाळी लायब्ररीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. त्याला 'सर्जरी' म्हणतात. तन्वी भाऊंना एकदा तिथे घेऊन गेली. एक आजी आल्या होत्या, त्यांच्या दारासमोरचा बसस्टॉप हलवला म्हणून. नगरसेविका बाईंनी कागद वाचला आणि सरळ सांगितलं, "नाही, हे होणार नाही. सॉरी." आजी "थँक्स, लव्ह" म्हणून निघून गेल्या.

भाऊ घरी येऊन गप्पच बसले. तन्वी मला तिच्या कॉव्हेंट्री मराठीत म्हणाली, "शिरीषदादा, भाऊंचा तब्येत बरा नाही का?"

तब्येतीला काही झालं नव्हतं. भाऊ म्हणाले, "त्या बाई तोंडावर नाही म्हणाल्या. आणि तरी निवडून येतात? कशा?" त्यांच्या सबंध कारकिर्दीत त्यांनी मतदाराला कधी नाही म्हटलं नव्हतं. "बघू या" म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने काय ते ओळखायचं.

*

मग त्यांनी स्वतःचा किस्सा सांगितला. पक्षाची मंडळी सभागृहाचं तिकीट घेऊन पहिल्यांदा घरी आली, तेव्हा भाऊ म्हणाले, "माझी लायकी नाही." आठवड्याने मंडळी फळांची टोपली घेऊन आली. भाऊ म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ आहेत." तिसऱ्यांदा त्यांच्या वडिलांच्या म्हाताऱ्या मित्राला पुढे घालून आली.

"आणि तेव्हा तुम्ही विचारात पडलात?"

"छे! तेव्हा मी आधीच बायकोला शर्ट इस्त्री करायला सांगितलं होतं."

*

यात हसण्यासारखं काय आहे म्हणा! आपण तरी कुठले वेगळे? माझ्या मॅनेजरने मला टीम लीड होतोस का विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो? "नाही नाही, माझ्यापेक्षा सीनियर लोक आहेत." सोमवारी कॉलिन टीम लीड झाला. माझ्यानंतर वर्षाने लागलेला कॉलिन!

भाऊंना हे सांगितलं, तर एवढ्या शांत माणसाने टेबलावर हात आपटला. "एकदाच विचारलं? याला काय विचारणं म्हणतात?"

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. परक्या देशात आपली बाजू समजणारं कुणीतरी भेटलं. त्या दिवसापासून भाऊंचं शास्त्र मला पाठ झालं. तोंडपाठ होतं, तेवढंच. डोकं वापरलं असतं तर बरं झालं असतं.

*

भाऊ बुपाती झाले नाहीत, हे सांगून टाकतो. परत गेले, सभागृहाची मुदत संपवली आणि पुन्हा गावच्या शाळेत जाऊन बसायला लागले. दिवाळीला न चुकता मेल येते. मावशींच्या तब्येतीची चौकशी असते. एका वर्षी लिहिलं होतं, सातातल्या दोन वाड्यांना पाणी आलं. उरलेल्या पाच वाड्यांतल्या बायका अजून डोंगर उतरून पाणी भरतात, आणि त्याला थोडाफार मी कारणीभूत आहे. हे मी हसत सांगू शकत नाही, म्हणून हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

झालं असं. एका रविवारी भाऊंना पक्षाध्यक्षांचा फोन आला. बुपातीपदाला उभे राहता का? भाऊ नाही म्हणाले आणि संध्याकाळभर गुणगुणत होते. मी काय ते ओळखलं. पहिला झाला!

पुढच्या शनिवारी भाऊ लायब्ररीत, मावशी आणि तन्वी बाजारात. पॅसेजमधला फोन वाजला. पक्षाचे सेक्रेटरी होते. इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणाले, "नावं सोमवारी द्यायची आहेत. पाक दार्सोनो आता तयार आहेत का, तेवढं अध्यक्षांना कळवायचंय."

मी मनात हिशेब केला. हा दुसरा. दुसऱ्याला हो म्हणणारा उतावळा! भाऊंची शान आपण राखायची. मी खाकरून म्हणालो, "पाक दार्सोनो आपले फार ऋणी आहेत. पण त्यांना वाटतं, त्यांच्यापेक्षा चांगले पुष्कळ आहेत."

पलीकडून "समजलं. खूप आभार," आणि फोन बंद. मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

चार वाजता भाऊ आले. मी दारातच सगळं साग्रसंगीत ऐकवलं. एक बूट काढलेला, एक पायात, असे ते उभे राहिले.

"छान सांगितलंत," म्हणाले. "मी असतो तरी याहून चांगले शब्द सापडले नसते."

मागून पिशव्या घेऊन मावशी आणि तन्वी येत होत्या. मावशींनी पिशव्या खाली टाकल्या. "अरे शिरीष! बुधवारी पण आला होता ना फोन. तू ऑफिसात होतास. नाही म्हटलं, असं भाऊच मला सांगत होते रे!"

म्हणजे मी परतवलेला फोन तिसरा होता! फोनकार्ड काढलं, भाऊंच्या डायरीतून अध्यक्षांच्या घरचा नंबर शोधून फिरवला. "भाऊ, आत्ता बोला. म्हणा, घरातल्या एका मूर्खाने चुकीचं सांगितलं. माझं नाव घ्या!"

भाऊ नुसते मान हलवत होते. मावशी जवळजवळ रडत म्हणाल्या, "अहो भाऊ, बोला हो! तुमच्या वाड्यांसाठी तरी बोला!"

पलीकडे खुद्द अध्यक्षांनी उचलला. मी रिसीव्हर भाऊंच्या हातात कोंबला. भाऊंनी कॉलरचं बटण लावलं, ताठ उभे राहिले आणि बोलायला लागले. आठ-नऊ मिनिटं बोलले. मध्ये दोनदा हसले. आम्ही तिघं जिन्याचा कठडा धरून उभे, एक शब्द कळत नव्हता. शेवटी त्यांनी रिसीव्हर हलकेच जागेवर ठेवला.

"उमेदवारीचं काय झालं? काय म्हणाले?"

"त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं," भाऊ म्हणाले. "आता काठीशिवाय चालतात."