खाकी शर्टाची वरची दोन बटणं

"चप्पल काढून बस," मॅडम म्हणाल्या.

मी काढली. मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "आणि ते घड्याळ. ते काही शोभत नाही इथे."

बारावी पास झाले तेव्हा बाबांनी घेतलेलं घड्याळ. पर्समध्ये टाकलं. पर्सही दिसायला नको होती, म्हणून ती सायलीकडे दिली.

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागेतलं एक रिसॉर्ट. तिथे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या रविवारच्या कार्यक्रमाच्या या मॅडम आयोजक. लॉनच्या कडेला झोपडी उभी केली होती. प्लायवूडची. बाहेरून गेरू फासलेला, आत वायरी, स्पॉटलाइट आणि कोल्ड्रिंकचे क्रेट. खाली सारवलेली जमीन आहे असं लांबून वाटायचं. ते तपकिरी कार्पेट होतं. पाहुण्यांना शेणाचा वास नको होता. मला गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसवलं, गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या, हातात बांबूची काडी दिली. समोर तांदळाच्या पिठाची वाटी.

मॅडमनी माइक घेतला. "ही मुलगी थेट जंगलातून आलीय. शाळेची पायरी चढलेली नाही. तरी बघा, हातात काय जादू आहे."

टाळ्या पडल्या.

मी पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आदल्याच दिवशी माझं हेडस्टडीचं, म्हणजे समोर बसलेल्या माणसाचा चेहरा रंगवायचं, सबमिशन झालं होतं. माझ्या नखांत अजून ऑइल पेंट होता. मॅडमना तो दिसला असता तर तोही त्यांनी काढायला लावला असता.

एक बाई जवळ आल्या. हातात ग्लास. माझ्याकडे वाकून बघितलं आणि सायलीला विचारलं, "हिला हिंदी समजतं का?"

सायली माझ्याच वर्गातली. चित्र लावायचं माझं इझल तिच्या इझलच्या शेजारी असतं. तिच्या छातीवर स्वयंसेवक म्हणून बिल्ला होता. तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता सांगेल. "थोडं थोडं," ती म्हणाली.

मी मान खाली घातली आणि अजून एक त्रिकोण काढला. मला तोंड होतं. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी होतं. पण मी गप्प बसले, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी शूर झाले असं कुणाला वाटायला नको.

गप्प बसायला आमच्या सरांनी सांगितलं होतं. "जास्त बोलू नकोस. पाहुण्यांना फील आला पाहिजे. रविवार नीट सांभाळ, मग तुझ्या पोर्ट्रेटचं बघू."

पोर्ट्रेटचं बघू. या दोन शब्दांसाठी मी चप्पल काढली.

दर वर्षी कॉलेजचं प्रदर्शन भरतं. हॉलच्या दर्शनी भिंतीवर चार पोर्ट्रेट लागतात. गावातले लोक येतात, मुंबईचे पाहुणे येतात, त्या भिंतीसमोर थांबतात. त्या चारांत ज्याचं लागलं त्याला पुढे काम मिळतं, निदान लोक त्याला नावाने ओळखतात. पहिल्या वर्षापासून मला ती भिंत हवी होती. मला चेहरे येतात. ही बढाई नाही. कोणाचं नाक किती बसकं, हसताना कोणता डोळा आधी मिटतो, हे मला समोरच्याशी बोलता बोलता दिसतं.

पण सरांना माझ्यात वेगळंच काही दिसलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझा फॉर्म बघितला. तालुका पेठ. जात पण लिहिलेली असतेच. "अरे वा," सर म्हणाले, "म्हणजे तुझ्या रक्तातच आहे."

काय आहे, ते मला त्या दिवशी कळलंच नाही.

नंतर कळलं. मी चेहरा काढायला घेतला की सर मागे येऊन उभे राहायचे. "छान आहे. पण हे काय, सगळेच करतात. तू तुझं ते काढ." माझं ते म्हणजे वारली. मी कोकणा आहे, सर. वारली वेगळे, आम्ही वेगळे. हे मी एकदा सांगितलं. "तेच गं, सगळं एकच," सर म्हणाले आणि पुढच्या इझलकडे गेले.

आमच्या घराच्या भिंतीला पोपटी डिस्टेंपर आहे. त्यावर बाबांच्या युनियनचं कॅलेंडर. बस, एवढीच आमची भित्तिचित्रं. शेजारच्या पाड्यावर वारली घरं आहेत. त्यांच्याकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात, तो मान सवाशिणींचा. कोणीही उठून लिहीत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मोबाइल घेऊन बसले आणि हॉस्टेलच्या वायफायवर व्हिडिओ बघून त्रिकोणाला त्रिकोण जोडायला शिकले. जे माझ्या रक्तात होतं म्हणे, ते मी असं शिकले. बांबूच्या काडीने मला जमतही नाही. मी गुपचूप झिरो नंबरचा ब्रश वापरायची. सरांना फरक कळला नाही.

दुसऱ्यांचं घेऊन मी माझं म्हणून विकलं. त्याची लाज मला रिसॉर्टच्या लाजेइतकीच वाटते.

मंगळवारी पेपरात फोटो आला. मी, लुगडं, माळा, त्रिकोण. खाली एक ओळ. औपचारिक शिक्षण न घेतलेली आदिवासी कलाकार. नाव छापलं नव्हतं. सायलीने वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. सरांनी त्याखाली फुलांच्या हाराचं चित्र टाकलं.

दुपारी बाबांचा फोन आला. बाबा एसटीत कंडक्टर आहेत. ड्यूटीवर असताना ते कधी फोन करत नाहीत.

"पेपरात तुझा फोटू हाय," बाबा म्हणाले.

"हो."

मागे गाडीचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "तू कालेज सोडलं का?"

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"पेपरात लिवलंय, शिक्षण नाय म्हणून. खरं सांग. रागवत नाय मी."

बाबा पेपर वाचतात तो सगळा खरा मानून वाचतात. त्यांना वाटलं, पोरीने तीन वर्षं फसवलं. मी सांगितलं, नाही सोडलं, ते चुकून छापलंय. ते "बरं" म्हणाले. पण ते बरं कसं होतं ते मला कळत होतं.

बुधवारी सकाळी साडेदहाला बाबा कॉलेजच्या दारात उभे. रात्रपाळी करून, सावळघाट ओलांडून, अंगात खाकी, छातीवर बिल्ला, खांद्याला पिशवी. खिशात पेपरची घडी. आमचा हेडस्टडीचा तास चालू होता. वर्गात टर्पेंटाइनचा वास, मधे मॉडेलची खुर्ची. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. लेबर नाक्यावरून येणारे म्हातारबाबा आले नव्हते.

बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

"सर, माफ करा," ते म्हणाले, "येते ना पोरगी रोज? हजेरीत नाव हाय ना तिचं?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. बाबांची लाज वाटली म्हणून नाही. एक प्रौढ माणूस, माझ्या एका गप्प बसण्यामुळे, माझी हजेरी विचारायला दारात उभा होता म्हणून.

सरांनी प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. ते बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हनुवटीला हात लावून, डोकं एका बाजूला कलतं करून, जसं आम्ही चित्रासाठी मांडलेल्या मडक्याकडे बघतो तसं.

"काय चेहरा आहे!" सर म्हणाले. "बघा रे, काय कॅरेक्टर आहे. गालाची हाडं बघा. या, बसा ना इकडे."

बाबांना वाटलं, सर पाहुणचार करतायत. ते खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर घेतली. सरांनी ती उचलून बाजूला ठेवली. मुलांनी कागद लावले, रेखाटायचे कोळसे काढले. सायलीने पण.

"फक्त हा युनिफॉर्म काढा," सर म्हणाले. "याच्यात सगळं मरून जातं. बनियन आहे ना आत? नाहीतर उघडेच बसा. खांदे छान दिसतील."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे. सर म्हणजे पोरीचे सर. ज्यांच्या हातात पोरीचे मार्क. बाबांनी बोटं शर्टाकडे नेली. पहिलं बटण सोडलं. दुसरं सोडलं.

हा शर्ट बाबा स्वतः इस्त्री करतात. आईलाही हात लावू देत नाहीत. एकदा एका प्रवाशाने त्यांची कॉलर धरली होती, तर बाबा गाडी थेट पोलीस चौकीला घेऊन गेले होते. तो माणूस इथे, माझ्यासाठी, बटणं सोडत होता.

"बाबा," मी म्हणाले, "बटणं लावा."

आवाज माझाच होता, पण मोठा होता. कोळसे थांबले.

"अगं, पाच मिनिटांचं काम—" सर.

"हे मॉडेल नाहीत. माझे वडील आहेत. ते एक प्रश्न विचारायला आलेत, त्याचं उत्तर द्या."

सर हसले. "एवढं काय त्यात? तुझंच कौतुक करतोय. प्रदर्शनात तुला सबंध कोपरा देणार आहे, वारलीसाठी."

"मी वारली नाही. मला वारली येत नाही. रविवारी मी खोटेपणा केला, आणि तुम्हाला ते माहीत होतं."

सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "कोपरा नको असेल तर भिंतही विसर. नीट विचार कर."

तीन वर्षं मी त्या भिंतीचाच विचार केला होता. चौथी जागा, खिडकीजवळची, उजेड डावीकडून येतो ती. "केला विचार," मी म्हणाले. मी इझल घट्ट धरलं.

बाबांनी दोन्ही बटणं लावली. पिशवी घेतली. आणि सरांना नमस्कार करून बाहेर पडले.

सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. माझं कौतुक वगैरे काही झालं नाही. बाबा चिडले होते. "सरांसंग असं बोलतात का? मी काय नागडा होत होतो? पाच मिनिटं बसलो असतो तर काय झिजलो असतो?" स्टँडवर त्यांनी पेपरची घडी खिशातून काढली, माझ्या हातात दिली. "आता तुला काढून टाकतील का?"

"माहीत नाही."

"तू शिकतेस, हे त्यांना लिवाय लाव," बाबा म्हणाले आणि गाडीत चढले.

मी पेपरला पत्र पाठवलं. माझं नाव, वर्ग, आणि मी वारली कलाकार नाही हे. छापलं नाही. परत पाठवलं. अजून छापलेलं नाही. सर आता माझ्या इझलजवळ थांबत नाहीत. भिंतीसाठी चार नावं लागली, त्यात माझं नाही. सायलीचं आहे. ती मला म्हणाली, "तुला इतकं लागलं असेल असं वाटलं नव्हतं गं." मी तिला विचारलं, "थोडं थोडं, असं का म्हणालीस?" तिला आठवतच नव्हतं.

बाबांच्या साप्ताहिक सुट्टीला मी घरी जाते. पोपटी भिंतीसमोर त्यांना बसवून त्यांचं पोर्ट्रेट करते. युनिफॉर्म घालायला सांगते. "सुट्टीच्या दिवशी खाकी कोण घालतं?" असं पुटपुटत ते घालतात. बिल्ला लावतात. बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. बाबांच्या उजव्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याने कापड विरलंय, तिथली खाकी मला अजून साधली नाही. दोनदा खरवडून काढली. साधेल.

बांबूची काडी मी परत धरणार नाही. ज्या बायांची ती आहे त्यांच्या हातात ती शोभते, आणि त्यांनाही कोणी कार्पेटवर बसवू नये.

प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत. भिंत मिळाली नाही तर नाही. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे आत जातील त्या दारात मी माझा कॅनव्हास घेऊन उभी राहणार आहे. हटवलं तर फाटकाशी. तिथूनही हटवलं तर समोरच्या फुटपाथवर. खाली चिठ्ठी असेल. त्यावर बाबांचं पूर्ण नाव, त्यांचं काम, माझं पूर्ण नाव, माझा वर्ग. कोणी विचारलं, हिला हिंदी समजतं का, तर उत्तर मी देईन.

मनगटात घड्याळ असेल. आणि चपला पायात.