झेरॉक्सवाल्याचा डोंगर

आमची पत्रकं काढणारा डिचोलीतला झेरॉक्सवाला फावल्या वेळात कंप्युटरवर हिमशिखरं चढायचा. त्या गेममध्ये पडलं की पुन्हा पायथ्यापासून सुरुवात, आणि दर खेपेला डोंगरही नवा. पडला की गडी हसायचा. मी चिडायचो. खाणवाले गावचा डोंगर पोखरायला निघालेत नि हा खेळतोय!

ग्रामसभेच्या सकाळी पत्रकं निघायची होती, तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर एकच चालणार होतं, कंप्युटर किंवा झेरॉक्स. तो पहिल्यांदाच शिखराशी पोचत होता. माझ्याकडे बघून त्यानं कंप्युटर बंद केला.

"अरे, पोचला होतास!"

"म्हाका नवो दोंगर मेळटलो. तुमका खंय मेळटलो?"

दुपारी डोंगर वाचवण्याचा ठराव मंजूर करून घेऊन परतलो, तर तो पुन्हा पायथ्याशी होता, शीळ घालत.

"सरक," म्हणत मी स्टूल ओढलं. "मलाही चढव."